आवाज उतरतो ती ओळ

आमच्या चाळीमागे, पाण्याची टाकी आणि व्यायामशाळा यांच्या मधल्या बोळात एक बुद्ध विहार होतं. विहार कसलं, दोन शेजारच्या भिंतींची समजूत घालून मिळवलेली जागा. वर पत्रे होते आणि पावसाळ्यात त्यांच्यावर असा ताशा वाजायचा की वंदना घेणाऱ्या गुरुजींचे फक्त ओठ हलताना दिसत. समोर पांढरं कापड अंथरलेलं टेबल, त्यावर बुद्धाची मूर्ती, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, फुलं, उदबत्ती. रविवारी सकाळी पांढऱ्या साड्या आणि पांढरे सदरे मांडी घालून बसले की ती अंधारी खोली पाटीवर खडूची रेघ ओढल्यासारखी उजळायची. गुरुजी एक ओळ म्हणत, आम्ही ती मागून म्हणत असू. त्रिशरण झालं की पंचशील. पाली भाषा आम्हा पोरांना अर्थासकट येत नव्हती, चालीसकट येत होती. आणि अर्थ कळायच्या कितीतरी आधी, सात-आठ वर्षांचा असताना, त्या पाच ओळींत मला एक गंमत सापडली. प्रत्येकाचा आवाज कुठल्यातरी एका ओळीला उतरतो.

एकदा हे कानांना कळलं की मग रविवार फार लवकर येऊ लागला. प्राण्यांच्या हिंसेपासून दूर राहण्याची पहिली ओळ आली की सुके बोंबील विकणाऱ्या मावशींना नेमकी खोकल्याची उबळ येई. दुसरी ओळ, न दिलेलं न घेण्याची. तिथं मापाला बसणाऱ्या एका काकांचा आवाज दर रविवारी छटाकभर कमी भरे. तिसऱ्या ओळीला कुणाचा आवाज उतरतो हे ऐकण्याचं माझं वय नव्हतं, आणि ते वय आलं तेव्हा मी ऐकणं सोडून दिलं. चौथी ओळ खोटं न बोलण्याची. तिथं एकट्यादुकट्याचा प्रश्न नव्हता; संध्याकाळी सगळ्यांनी एकदम दिवे लावले की चाळीतला बल्ब पिवळा पडायचा, तसा त्या ओळीला सगळ्या विहाराचा दाब कमी होई. आणि पाचवी ओळ तात्यांची.

तात्या म्हणजे आजीचा धाकटा भाऊ. गिरणीत साचेखात्यात होते. महिनाभर शहाण्यासारखे वागत आणि पगाराच्या रात्री मात्र त्यांना जिना सापडत नसे. पाचव्या शीलातला दारूचा शब्द पालीत आहे ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना’. न पिणाऱ्याची जीभसुद्धा तिथं दोनदा ठेचकाळते. माणूस प्यायलेला आहे की नाही हे ओळखायला पोलिसांनीच तो बनवून घेतला असावा असं मला वाटायचं. तात्या त्या ओळीशी आले की रेडिओचं बटण कुणीतरी हळूच डावीकडे फिरवल्यासारखे होत. ओठ हलत राहायचे, आवाज मात्र छातीतल्या छातीत परत जायचा. पण ओळ त्यांनी कधी गाळली नाही. नवा नवा जोर चढलेल्या एका तरुणानं एकदा वंदनेनंतर गुरुजींना विचारलंच, की रात्री जिन्यावर झोपणारा माणूस सकाळी इथं येऊन शील कुठल्या तोंडानं घेतो? गुरुजी बुद्धमूर्तीसमोरची वात कापत होते. म्हणाले, “नापास होणाऱ्यांची नावं पटावरून काढायची ठरवली तर आधी माझं काढ. पण मग पुढच्या रविवारी वंदना कोण घेणार ते ठरवून ठेव.”

मग १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, त्याबरोबर पगाराची रात्रही थांबली. त्या वर्षी तात्या पाचवं शील खणखणीत म्हणायचे, आणि ते ऐकून कुणालाच बरं वाटायचं नाही.

पुढे कधीतरी गुरुजींनीच आम्हाला त्या ओळींची फोड करून सांगितली. त्यांची एक पद्धत होती, शब्द असा हळूहळू सोलायचा की आतली फोड तुटता कामा नये. ‘वेरमणी’ म्हणजे दूर राहणं. ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचं पाऊल. ‘समादियामि’ म्हणजे मी घेतो. पाचही ओळींत हे तिन्ही शब्द आहेत आणि पाचही ओळींत ‘तू करू नकोस’ असं कुठंही नाही. आमच्या जिन्याच्या वळणावर ‘येथे थुंकू नये’ अशी लाल अक्षरांत पाटी होती आणि चाळीत सगळ्यात रंगलेली भिंत तीच होती, त्यामुळे आज्ञेची ताकद केवढी असते हे आम्हाला माहीत होतं. इथं आज्ञा नाही, नुसतं शिकण्याचं पाऊल. आणि पाऊल म्हटलं की ठेच आलीच. शिवाय हे शील मराठीत आपण ‘घेतो’, जसं दूध घेतो. काल घेतलेलं आज पुरत नाही, परवाचं तर नासूनच जातं. ज्या घरात रोज दूध घेतलं जातं त्या घराला कुणी विचारत नाही की काल घेतलं होतंत ना, मग आज पुन्हा कशाला?

आजीनं ते पहिल्यांदा घेतलं १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात. दसरा होता आणि रविवार. तिचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. चाळीतल्या बायकांबरोबर पांढरी साडी नेसून ती रेल्वेनं गेली. बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतलं आणि मग लाखोंच्या त्या समुदायाला स्वतः दिलं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. आजीला त्यातलं दिसलं काय, तर पुढच्या बाईच्या पाठीवरची साडीची चुणी. बाकी सगळं कानांनी. तिथून ती जी परतली ती पहिल्याच रात्री पहिलं शील मोडून मोकळी झाली, कारण चाळीतल्या ढेकणांना नागपुरात काय घडलं याची वार्ता पोचलेली नव्हती. अंधारात मान चावली आणि अंगठा आपोआप भिंतीवर गेला. सासऱ्यांनी सकाळी भिंतीवरचा ताजा ठिपका बघून विचारलं, तर ही म्हणाली, “दीक्षा म्या घेतली. अंगठ्यानं कुठं घेतली?” तेव्हा ती सहीच्या जागी अंगठाच उठवायची. पुढे रात्रीच्या वर्गात जाऊन नाव लिहायला शिकली, म्हणजे अंगठ्याचं एक काम तरी कमी झालं. दुसऱ्या कामात तो बरीच वर्षं हुशार होता. गंमत अशी की तिचा आवाज मात्र पहिल्या ओळीला उतरत नसे. कुठल्याच ओळीला उतरत नसे. पाच ओळी ती पाच हंडे भरून आणल्यासारख्या म्हणायची, एकही थेंब न सांडता, आणि ढेकूण मारलेल्या आठवड्यात पहिला हंडा जरा जास्तच जोरात टेकवायची.

गुरुजींकडे धर्मानंद कोसंबींची पुस्तकं होती, खाकी कागदाची कव्हरं घातलेली. गोव्यातल्या सांखवाळला १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा म्हणून घरदार सोडून निघाला, सिंहलद्वीपात जाऊन १९०२मध्ये भिक्खू झाला आणि पुढे ते सगळं शिकलेलं आपल्यासाठी मराठीत घेऊन आला. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, आमच्या विहारात रोज रात्री ग्रंथवाचन चाले. वाचन संपून चहाचं आधण येईपर्यंतच्या वेळात गुरुजी भिक्षुसंघाच्या गोष्टी सांगत. त्या ऐकून माझी अशी खात्री झाली होती, की संघ म्हणजे आमचीच चाळ, फक्त चिवरं नेसलेली.

संघाचे नियम आधी लिहून मग माणसं भरती केलेली नव्हती. सारिपुत्तानं सुरुवातीलाच विचारलं होतं की नियम घालून द्यावेत, तर बुद्ध म्हणाला, अजून वेळ आलेली नाही. वेळ म्हणजे काय, तर कुणीतरी काहीतरी करून ठेवायची वेळ. मग एकेक जण करत गेला आणि एकेक नियम होत गेला. थेरवाद परंपरेत भिक्षूंचे असे दोनशे सत्तावीस नियम भरले. म्हणजे ती नियमांची यादी नव्हेच, ठेचांची वही आहे. प्रत्येक नियमाच्या मागे एक ओशाळलेला चेहरा उभा आहे. त्यात सहा जणांची एक टोळी तर अशी की तिचं नावच ‘छब्बग्गिय’, सहांचं टोळकं. शेवटच्या बाकावरची ती सहा मुलं नसती तर विनयपिटक बरंच पातळ झालं असतं. त्या दोनशे सत्तावीसांत पंचाहत्तर नियम साध्या वागणुकीचे आहेत, आणि त्यांतला एक असा की जेवताना ‘चपुचपु’ आवाज करायचा नाही, आणि त्याच्या शेजारचा, ‘सुरुसुरु’ आवाज करायचा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या मचमचीचं आणि भुरक्याचं ते पाली रेकॉर्डिंग ऐकून आम्ही पोरं लोळायचो. त्यामागची हकीकत कोसंबी नगरीतली. एका ब्राह्मणानं संघाला दुधाचं पेय दिलं, भिक्षूंनी एकसाथ सुरसुर ओढलं, आणि पूर्वाश्रमी नट असलेला एक भिक्षू म्हणाला, सगळा संघ गारठलेला दिसतोय. विनोदाला जरा धारही होती, कारण ज्याच्या आतली आग विझली त्यालाही पालीत ‘थंड झालेला’ म्हणतात. बुद्धानं भुरक्याला मनाई केली आणि त्या विनोदालाही. माझे वडील बशीतून चहा पीत आणि त्यांचा भुरका दोन खोल्या ओलांडून जाई. ही गोष्ट ऐकल्यावर त्यांनी एक पूर्ण आठवडा कपाला तोंड लावून, आवाज न करता चहा प्यायला. आजारी माणूस घरात असल्यासारखं वाटायचं. रविवारी आईनंच त्यांच्यासमोर बशी ठेवली.

पण मला सगळ्यात आवडायची ती कबुलीची पद्धत. पौर्णिमेला आणि अमावास्येला सगळे भिक्षू जमत, नियमांचं पठण होई, आणि त्याच्या आधी ज्याच्या हातून काही घडलं असेल त्यानं ते दुसऱ्या भिक्षूजवळ बोलून टाकायचं. मोठे अपराध वेगळे. पण साध्या चुकीला ना दंड ना उपास. ऐकणारा विचारतो, दिसतेय का चूक? हा म्हणतो, दिसतेय. तो म्हणतो, पुढं जप. झालं. एखादं भांडं धुऊन पालथं घालावं तसं. फक्त एक अट होती, आणि ती सांगताना गुरुजींच्या मिशीत हसू मावत नसे. ज्या दोघांच्या हातून एकच चूक झाली आहे त्यांनी एकमेकांजवळ कबुली द्यायची नाही. मग सगळ्या विहाराकडून तीच चूक घडली असेल तर? त्याचीही सोय आहे. एकाला शेजारच्या विहारात पाठवायचं, तो तिथं बोलून मोकळा होऊन आला की बाकीच्यांनी त्याच्याजवळ बोलायचं. म्हणजे दोन गावांच्या मधल्या बांधावरून एक भिक्षू चाललाय, सगळ्यांची मिळून एक लाज घेऊन, पाऊस यायच्या आत पोचायला हवं म्हणून भरभर. हे चित्र मला इतकं आवडलं की चौथ्या शीलाच्या बाबतीत आमच्या चाळीतून कुणाला पाठवावं याचा मी गंभीरपणे विचार केला होता. आणि पाठवायचं कुठं? शेजारच्या चाळीत तर आमच्याहून थापाडे होते.

माझा आवाज कुठल्या ओळीला उतरतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. स्वतःचा आवाज माणसाला शेवटी ऐकू येतो. मोठेपणी कळलं, की मीही चौथीच्याच गर्दीतला. त्यात पुन्हा फोन हातात आला. टॉवेल गुंडाळून केस पुसत मी “निघालोच, वाटेत आहे” असं इतक्या सहज सांगतो की क्षणभर मलाच आपल्या पायांत बूट असल्याचा भास होतो. ‘तुमचाच विचार करत होतो’, ‘मेल बघितला नाही’, ‘छे हो, त्रास कसला’... दुपारी बारापर्यंत एवढं शिल्लक पडतं की संघ असता तर मला एकट्यालाच अमावास्या वाढवून मागावी लागली असती.

बुद्धानं राहुलला, स्वतःच्या मुलाला, शिकवलं ते नेमकं ह्याच बाबतीत. राहुल सात वर्षांचा असताना संघात आला. एकदा बुद्ध त्याच्याकडे गेला, राहुलनं बसायला आसन आणि पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर बुद्धानं भांड्यात थोडंसं पाणी ठेवलं आणि विचारलं, एवढंसं पाणी दिसतंय का? मग ते ओतून टाकलं, मग भांडं पालथं घातलं, मग पुन्हा सरळ करून आतला रिकामेपणा दाखवला. आणि प्रत्येक वेळी सांगितलं, की जाणूनबुजून खोटं बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचं श्रमणपण असं असतं. घरात असतील त्या वस्तूंनी शिकवणारा असा बाप मी दुसरा पाहिला नाही. मग म्हणाला, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. तसंच प्रत्येक कृतीकडे बघायचं, करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर, ह्यानं मला किंवा दुसऱ्याला इजा तर होत नाही ना? करून झाल्यावर दिसलं तरी हरकत नाही, जाणत्याजवळ बोलून टाकायचं आणि पुढं जपायचं. सम्राट अशोकानं राजस्थानात बैराटच्या शिलालेखात भिक्षूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे सात उपदेश नोंदवले, त्यांत राहुलला केलेला हा खोटं बोलण्याबद्दलचा उपदेश आहे. कलिंगात जे केलं ते केल्यानंतर ज्याला दिसलं, त्या माणसानं हा उपदेश निवडावा, यात मला नेहमी एक भांडं पालथं घातल्याचा आवाज ऐकू येतो.

तात्या थंडीत गेले, झोपेतच. आजी तोवर ऐंशीच्या पुढे होती आणि तिच्या आठवणींची वीण सुटायला लागली होती. जुना धागा घट्ट, नवा टाका दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे. आम्ही तिला सांगितलं. ती रडली, पदर तोंडात कोंबून, धाकट्या भावासाठी थोरली बहीण रडते तशी. पुढच्या रविवारी विहारात जाताना तिनं विचारलं, “तात्या आला न्हाई?” मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा रडली, पहिल्यांदा ऐकल्यासारखी. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. दर रविवारी सकाळी नऊला तात्या आमच्या घरात नव्यानं मरू लागले आणि मी दर रविवारी ते खरं बोलून दाखवत होतो. चौथ्या रविवारी तिनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, “गावाला गेलेत.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “हवापालट हुईल.” आणि चपला शोधू लागली.

मग तेच चालू झालं. करण्याआधी बघितलं, करताना बघितलं, केल्यानंतर बघितलं. आरशात कधी तिचा कोरडा पदर दिसायचा आणि कधी माझं तोंड. गुरुजी असते तर विचारलं असतं, पण ते तात्यांच्याही आधी गेले होते. मी तात्यांचा गावचा मुक्काम सजवू लागलो. त्यांनी तिथं म्हणे परड्यात मेथी लावली होती, गुडघा बरा होता, बाटली सोडली होती. ही शेवटची थाप मारताना मला थोडा आनंदही झाला. एवढं तरी त्यांच्यासाठी करता आलं.

चैत्रात कधीतरी, मी तिच्या केसांना तेल लावत असताना, तिनं मान न वळवता विचारलं, “तात्या गावाला गेलाय ना?”

“हो.”

“मंग येवढं हळू का सांगतोस?”

माझा हात थांबला. तिनं त्यावर काही म्हटलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, तेल जास्त झालंय, आणि गप्प बसली. आणि पुढच्या रविवारी, चपला पायात सरकवता सरकवता, रोजच्याच आवाजात विचारलं, “तात्या आला न्हाई?” मी म्हणालो, गावाला गेलेत. तिनं मान हलवली. असे आणखी चार-पाच रविवार. ती विचारायची, मी सांगायचो. तिला किती आठवत होतं हे मी विचारलं नाही; विचारायचं तर कुणीतरी शेजारच्या गावाला जाऊन यायला हवं होतं.

वैशाख पौर्णिमेला विहारात उभं राहायला जागा नव्हती. तिला खुर्चीवर बसवून आम्ही दोघातिघांनी उचलून नेलं. मी तिच्या पायाशी बसलो. नवे गुरुजी एकेक ओळ म्हणत होते. पहिली, दुसरी, तिसरी ती नेहमीसारखी म्हणाली, हंडा टेकवल्यासारखी. चौथी आली. माझा आवाज उतरला, तो उतरणारच होता. पण वरून, खुर्चीतून, तिचाही उतरला. इतका, की ओळीच्या शेवटी आम्हा दोघांचे फक्त ओठ हलत असावेत.

मग पाचवी आली. ती तिनं एका माणसाला लागतो त्याहून मोठ्या आवाजात म्हटली.